स्पोर्ट्स कारच्या नादी लागताना: नव्याने येणाऱ्यांसाठी

थंड इंजिन. डॅशबोर्डवरचा चोक, म्हणजे थंड इंजिनासाठी पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खुंटी, पूर्ण ओढलेला. किल्ली फिरवली की स्टार्टर दोन-तीनदा घरघरतो, एक सिलिंडर पेटतो, मागोमाग दुसरा, आणि मग सगळी गाडी अंगात आल्यासारखी थरथरायला लागते. पहिलं मिनिटभर तिला लय सापडत नाही. आपण नुसतं ऐकायचं. इंजिन तापेल तसतसा चोक थोडा थोडा आत सारायचा आणि आवाज एकसारखा झाला की निघायचं. मला स्पोर्ट्स कारचं वेड लागलं ते या एका मिनिटात. वेगाची ओळख खूप नंतर झाली.

हे मिनिट आता दुर्मीळ होत चाललंय. नव्या गाड्या बटण दाबलं की तयार असतात, विजेवरच्या तर आवाजही करत नाहीत. तीन पेडलांच्या, म्हणजे हाताने गिअर टाकायच्या, स्पोर्ट्स कार बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. त्यामुळे नवखे लोक विचारतात, "आता उशीर झाला का?" मला अजिबात तसं वाटत नाही. कार्ब्युरेटरपासून (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा जुना भाग) बॅटरीपर्यंतचे सगळे जमाने एकाच वेळी चालताना बघायला मिळावेत, असा काळ याआधी कधी नव्हता. फक्त सुरुवात कुठून करायची ते कळलं पाहिजे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ही हौस नुसते पैसे ओतून भागत नाही. तिला लक्ष द्यावं लागतं. पुढचं सगळं त्या लक्ष देण्याबद्दल आहे.

आधी एकच गाडी धरा

पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नका. एक मॉडेल निवडा आणि त्याचा पिच्छा पुरवा. शंभर गाड्यांची वरवरची माहिती असण्यापेक्षा एका गाडीची सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी माहीत असणं जास्त उपयोगाचं, कारण ती एक गाडी बाकीच्या शंभर गाड्या समजावून देते.

पोर्शची ९११ या अभ्यासाला फार चांगली. ती १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने आली. मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक प्यूजो वापरत असे, त्या कंपनीने हरकत घेतली आणि ९०१ ची ९११ झाली. इंजिन दोन लिटरचं, सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन ओळींत आडवे, आणि तेही मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे. थंड करायला पाणी नाही, पंख्याचा वारा. ही पद्धत १९९८ पर्यंत टिकली. मग पाण्याने थंड होणारी ९११ आली तेव्हा जुने शौकीन हळहळले, ही आमची ९११ नव्हेच म्हणाले. आज त्याच पाण्याच्या पहिल्या ९११ ला तरुण मंडळी हौसेने शोधत असतात. बदलाच्या काळाबद्दल बोलायची वेळ येईल तेव्हा ही हकीकत आठवा.

गाडी बघताना तीन प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा: इंजिन कुठे आहे, ताकद कोणत्या चाकांना जाते, आणि वजन किती. हॉर्सपॉवर चौथा प्रश्न. नवखे नेमके त्यापासूनच सुरुवात करतात.

इंजिन कुठे आहे यावरून स्वभाव ठरतो

इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, ही सगळ्यात समजूतदार मांडणी. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात आलेली माझदाची एमएक्स-५ अशीच. सुमारे साडेनऊशे किलो वजन, १.६ लिटरचं इंजिन, आणि पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास सारखा भार. ही गाडी घसरायच्या आधी सांगते. स्टिअरिंग हलकं होतं, बसल्या जागी कमरेला मागचा भाग सरकल्याचं जाणवतं, आणि सावरायला वेळ मिळतो. शिकणाऱ्याला याहून चांगली गुरू मिळणं अवघड.

इंजिन सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे असेल तर तिला मिड-इंजिन म्हणतात. १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउरात बारा सिलिंडरचं इंजिन असं, गाडीच्या रुंदीला आडवं, बसवलं होतं आणि तिथून सुपरकारचा चेहरामोहराच बदलला. वजन मधोमध असल्याने अशी गाडी वळणात चटकन शिरते. पण पकड सुटली तर तितक्याच चटकन गिरकी घेते.

आणि जुन्या ९११ सारखं अगदी मागे इंजिन असेल, तर वळणातून बाहेर पडताना मागची चाकं रस्त्याला चिकटून ढकलतात, मजा येते. मात्र भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की वजन पुढे जातं, मागचे टायर हलके होतात आणि जड शेपूट बाहेर फेकली जाते. म्हणून त्या गाड्यांचे जुनेजाणते चालक वेग काय तो वळणाआधीच कमी करतात. एकदा वळणात शिरलं की पाय स्थिर.

वजनाबद्दल थोडं आग्रहाने सांगतो. १९९६ ची लोटस एलिस सव्वासातशे किलोच्या आसपास होती आणि तिच्या १.८ लिटर इंजिनाची ताकद होती ११८ हॉर्सपॉवर. कागदावर हा आकडा काहीच नाही. पण हलक्या गाडीला ब्रेक छोटे चालतात, टायर अरुंद चालतात, पेट्रोल कमी लागतं आणि हाताला रस्त्याचा खडा न्‌ खडा कळतो. आजच्या पुष्कळ स्पोर्ट्स कार तिच्या दुप्पट वजनाच्या आहेत. त्या वेगवान आहेत, सुरक्षितही आहेत. तरी संधी मिळाली तर एखाद्या हलक्या गाडीत शेजारी बसून फेरी नक्की मारा. मग मी काय म्हणतोय ते वेगळं सांगावं लागणार नाही.

कोणत्या काळातली गाडी?

साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाड्या देखण्या असतात यात वाद नाही. १९६१ ची जॅग्वार ई-टाइप बघून पाय थबकला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. पण पहिली गाडी म्हणून ती घेऊ नका. कार्ब्युरेटर, ठिणगीचे पॉइंट, जुनं वायरिंग, ज्याला त्याला आपापला हट्ट. दर महिन्याला काहीतरी उघडून बसावं लागतं, आणि ते यायला अजून तुमचा हात बसलेला नसतो.

अगदी नवी गाडी घ्यावी तर ती सगळं स्वतःच करते. चाक घसरलं तर ब्रेक लावते, गिअर पापणी लवायच्या आत बदलते. त्यात वाईट काही नाही, पण शिकायला कमी उरतं.

माझं मत विचाराल तर १९८९ ते २००५ च्या मधल्या काळातली साधी, छोटी स्पोर्ट्स कार. फ्युएल इंजेक्शन (पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा) असल्याने सकाळी सुरू होते, बहुधा केबलवर चालणारा अ‍ॅक्सिलरेटर असल्याने पायाला उत्तर देते, आणि पडदे-सेन्सर मोजकेच असल्याने साध्या गॅरेजात दुरुस्त होते. पहिली एमएक्स-५ आहे, पोर्शची पहिली बॉक्सस्टर आहे. १९९९ ची होंडा एस२००० आहे, जिचं दोन लिटरचं इंजिन टर्बोशिवाय मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांच्या आसपास जातं. या काळाला काही जण आता 'तरुण क्लासिक' म्हणायला लागलेत. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा ३० वर्षं किंवा त्याहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीलाच ऐतिहासिक मानते. त्या हिशोबाने यातल्या काही त्या उंबरठ्यावर आहेत, काही तो ओलांडून गेल्याही.

पाहणी: इथे घाई नको

बहुतेक नवखे फसतात ते इथेच. चकचकीत रंग बघून मन आधीच होकार देतं, आणि मग डोळे फक्त त्या होकाराची कारणं शोधतात.

मालकाला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर पहिलं काम, बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचंय असं समजा, कारण इंजिनाची खरी तक्रार थंड असतानाच कळते. सुरू करताना एकाला मागे उभं करा आणि धुराकडे लक्ष द्यायला सांगा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सुरू करताना एक भपकारा येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील (ऑइल आत गळू न देणारं रबर), रेस दिल्यावर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगांचं काम. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरी वाफ गारव्यात थोडा वेळ दिसणारच, पण ती दाट, गोडसर वासाची आणि न थांबणारी असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, सिलिंडरात शिरतंय. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. सायीसारखा थर दिसला तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलची, शंका घ्या. मात्र फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या ओलाव्यानेही तो जमतो, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नका.

मग पत्रा. एक लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून खिशात ठेवा. मी एकदा लालभडक कूपे बघायला गेलो होतो. रंग असा की त्यात आपला चेहरा दिसावा. चुंबक दारावर टिकला, मडगार्डवर टिकला, आणि दाराखालच्या पट्टीवर ठेवला तसा घसरून खाली पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. हातभर लांबीची नुसती पुटी होती, आत पत्रा उरलाच नव्हता. पायाखालचं कार्पेट उचललं तर खाली दमट फेल्ट आणि बोटाने तुटणारा गंज. दिसतं तसं नसतं, म्हणूनच जग फसतं, ही म्हण जुन्या गाड्यांसाठीच केली असावी असं त्या दिवशी वाटलं. ती दाराखालची पट्टी, म्हणजे सिल, गाडीचा कणा असते, विशेषतः छत नसलेल्या गाडीत. पहिल्या एमएक्स-५ मध्ये मागच्या चाकाच्या पुढची सिल हमखास गंजते. अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबरच्या गाडीवर अर्थातच चुंबक चालणार नाही. तिथे रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणि पॅनेलमधल्या फटींची समानता बघा.

टायरच्या बाजूला डॉट अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. कमी चालणाऱ्या गाडीत नक्षी नव्यासारखी असते आणि रबर दगडासारखं. नक्षी बघून टायर चांगला म्हणणं म्हणजे बूट बघून माणूस चांगला म्हणण्यासारखं आहे.

चालवताना रिकाम्या सरळ रस्त्यावर ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का बघा. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या: इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर पळाला आणि वेग तसाच राहिला तर क्लच गेलाय. गिअरबॉक्स थंड असताना तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना खरखर आली तर सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणारी कडी, झिजलाय.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी ताडून पाहा. मूळ इंजिन असलेल्या गाडीचं मोल वेगळं असतं. दुरुस्तीची बिलं मागा आणि तारखेने लावून वाचा. बिलांची जाडजूड फाइल असलेली किंचित खरचटलेली गाडी मी कधीही कागद नसलेल्या चकाचक गाडीपेक्षा वरची मानतो. प्रत्येक मॉडेलचं दुखणं ठरलेलं असतं तेही आधीच माहीत करून घ्या. फेरारी एफ३५५ चे टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन गाडीतून बाहेर काढावं लागतं. हे घेतल्यावर कळलं तर नाकापेक्षा मोती जड व्हायचा. आणि शेवटी, तुमच्या ओळखीचा, विकणाऱ्याशी संबंध नसलेला मॅकेनिक सोबत न्या, कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातल्या दाबाची मोजणी, करून घ्या. नव्या गाडीत त्याच्या जोडीला संगणकातल्या नोंदी वाचून घ्या, विजेवरच्या गाडीत बॅटरीची उरलेली क्षमता.

घरी आणल्यावर

सजावट, मोठी चाकं, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, काही काही नको. आधी सगळी द्रवं बदला: इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळतं, वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी ते बदलायचंच.

पेट्रोलच्या नळ्या हाताने चाचपून बघा. जुनं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, तडकतं, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालून घ्या आणि हाताशी अग्निशामक ठेवा.

मालकाची पुस्तिका शब्दन्‌शब्द वाचा, कारण आपली सर्वसाधारण समजूत तिथे चुकू शकते. जुन्या, हवेने थंड होणाऱ्या ९११ मध्ये ऑइल वेगळ्या टाकीत साठतं. पातळी बघायची ती इंजिन पूर्ण तापलेलं, चालू, आणि गाडी सपाट जागी असताना. इतर गाड्यांसारखी सकाळी थंड असताना काडी बुडवली तर ती कोरडी येऊ शकते. नवखा घाबरून दोन लिटर ओततो आणि जास्तीचं ऑइल एअर फिल्टरपर्यंत जातं.

एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय केलं, काय ऐकू आलं. "डावीकडे वळताना टकटक, उजवीकडे नाही" अशी एक ओळ मॅकेनिकचे दोन तास वाचवते.

गाडी उभी ठेवून जपली जात नाही. पंधरा दिवसांतून एकदा तरी ऑइल नीट तापेल इतकी, म्हणजे अर्धा तास, फिरवा. जागच्या जागी पाच मिनिटं सुरू करून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट, कारण त्याने एक्झॉस्टमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं. लांबच्या मुक्कामाला बॅटरीला मेंटेनर (हळूहळू चार्ज ठेवणारं यंत्र) लावा, हँडब्रेक सोडून चाकांना अडणी लावा, नाहीतर ब्रेक पकडून बसतात. आच्छादन हवा खेळणारं घ्या. प्लॅस्टिकखाली गाडीला घाम फुटतो.

चालवायला शिका

यासाठी रस्ता नव्हे, ट्रॅक. शेजारी प्रशिक्षक बसवून घालवलेला एक दिवस कुठल्याही महागड्या सुट्या भागापेक्षा गाडीचा वेग जास्त वाढवतो. तिथे पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतात: नजर लांब टाका. हात आपोआप नजरेमागे जातात. ब्रेक सरळ रेषेत, मग स्टिअरिंग, मग हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर. टाच आणि पंजाने ब्रेक व रेस एकत्र सांभाळण्याचं कसब नंतर, आधी बंद इंजिनावर सराव करून.

लक्ष देण्याची ताकद काय असते ते १९५५ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत दिसलं. इटलीच्या साध्या रस्त्यांवर सुमारे १,६०० किलोमीटर. चालक स्टर्लिंग मॉस आणि त्याचा शेजारी बसणारा साथीदार डेनिस जेंकिन्सन यांनी आधी त्या रस्त्यावर सरावाच्या फेऱ्या मारल्या, आणि जेंकिन्सनने वळणं, चढ, धोके एका लांबलचक कागदाच्या गुंडाळीवर उतरवले. गुंडाळी डबीत बसवून तो एकेक ओळ सरकवत वाचायचा आणि खुणांनी मॉसला पुढचं वळण सांगायचा, कारण मर्सिडीज ३०० एसएलआरच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. सकाळी ७:२२ ला निघाले म्हणून गाडीचा क्रमांक ७२२. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत ते पोहोचले. हा विक्रम पुढे कोणी मोडला नाही. १९५७ च्या भीषण अपघातानंतर ती शर्यतच थांबली.

विजेच्या गाड्यांचं काय?

नाक मुरडू नका, चालवून बघा. २००८ ची टेस्ला रोडस्टर लोटस एलिसच्या पायावरच उभी राहिली होती, हा धागा मला फार आवडतो. पोर्श टायकानच्या मागच्या मोटरला दोन गिअर आहेत. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन मध्ये खोटे गिअर आणि खोटा आवाज आहे, आणि ते सोंग इतकं मनापासून वठवलंय की वळणात त्याचा खरोखर उपयोग होतो, कारण आवाजावरून वेगाचा अंदाज येतो. या गाड्यांची अडचण वजनाची आहे. ते उतरलं की माझी तक्रार संपेल.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये नव्या गाड्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड शून्यावर आणायला २०३५ ची मुदत घालणारा नियम मंजूर केला, त्यातल्या सवलतींवरची ओढाताण अजून चालू आहे. तो नव्या गाड्यांचा विषय, जुन्या आपोआप बाद होत नाहीत. दुसरीकडे चिलीतल्या हारू ओनी प्रकल्पात २०२२ पासून वाऱ्याच्या विजेवर कृत्रिम पेट्रोल बनतंय, थोडंच, पण बनतंय. आणि गाड्यांचे रचनाकार गॉर्डन मरे यांची टी.५० आहे: बारा सिलिंडर, हाताने टाकायचे गिअर, मिनिटाला १२,१०० फेऱ्या आणि वजन हजार किलोच्या आत.

जुन्या गाडीत मोटर बसवायची का, यावर वाद पेटतात. माझं म्हणणं एवढंच: बॉडी कापू नका, मूळ इंजिन तेल लावून, क्रमांकासह जपून ठेवा, म्हणजे पुढच्या मालकाला परतीची वाट राहील.

जाणत्यांकडे जा

सुटे भाग आता त्रिमितीय छपाईनेही बनतात. हातातलं कसब तसं बनत नाही. दोन कार्ब्युरेटर सारखे जुळवणारे मिस्त्री आजही आहेत, त्यांच्याकडे एक दिवस जाऊन बसा. रबरी नळीचा तुकडा घेतात, एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. हवा आत जातानाचा सुसकारा ऐकतात. मग दुसऱ्या तोंडाशी. एकीकडे स्वर चढा, एकीकडे उतरलेला. स्क्रू पाव फेरी फिरवतात, पुन्हा ऐकतात. चार-पाच वेळा असं झालं की दोन्हीकडून एकच सूर येतो आणि त्याच क्षणी बॉनेटची थरथर थांबते. मग ते नळी तुमच्या हातात देतील, स्क्रू मुद्दाम थोडा बिघडवतील आणि म्हणतील, आता तुम्ही जुळवा. जाताना वही न्या. कितव्या फेरीला सूर जमला, ते तिथेच लिहून ठेवा.